सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची: वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यात काय टिकतं

जमिनीचा वाद उभा राहिला की गावात पहिला प्रश्न येतो, ‘सातबाऱ्यावर नाव कोणाचं?’ ज्याचं नाव असतं तो निर्धास्त राहतो आणि ज्याचं नसतं तो आधीच हरल्यासारखा बसतो. दोघांचाही हिशेब चुकतो. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याच्या नोंदीने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. मालकी येते ती वारसाने, खरेदीखताने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने, वाटपाने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. फेरफार त्याची दखल घेतो, इतकंच.

म्हणून मालकी, ताबा आणि नोंद या तीन गोष्टी डोक्यात कायम वेगळ्या ठेवायच्या. नोंदीचं भांडण तलाठी, मंडळ अधिकारी आणि प्रांतांकडे चालतं. मालकीचा निकाल दिवाणी कोर्ट देतं. ताब्याचं काम बहुतेक वेळा दिवाणी कोर्टाचंच असतं, पण त्याची मुदत आणि पुरावा निराळा. बहुतेक घरं या तिन्हींची सरमिसळ करतात आणि चुकीच्या दारात दहा-पंधरा वर्षं घालवतात.

जुनी नोंद कशी वाचायची ते एका उदाहरणावर बघू. गटाचं क्षेत्र २ हेक्टर ४० आर. वडील १९८८ साली वारले. मागे विधवा, दोन मुलगे, दोन मुली. त्या वेळच्या फेरफारात सगळ्या वारसांची यादी असते आणि शेवटी ‘थोरल्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल’ असं लिहिलेलं असतं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरला मालक झाला असा त्याचा अर्थ नाही. कुटुंबातर्फे त्याचं नाव लागलं, एवढाच आहे. पुढे सातबारा नव्याने लिहिताना किंवा संगणकावर चढवताना ही तीन अक्षरं गळतात आणि उताऱ्यावर एकट्याचं नाव उरतं. थोरल्याची मुलं मोठी होतात ती ‘जमीन आमच्या वडिलांची’ हेच ऐकत. असा वाद असेल तर सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो फेरफार नंबर असतो तो धरून मागे मागे जायचं आणि त्या मूळ फेरफाराची, म्हणजे गाव नमुना ६ ची, नक्कल काढायची. सोबत वारस नोंदवहीची, म्हणजे नमुना ६-क ची नक्कलही. निम्मा दावा या दोन कागदांत असतो.

याच टप्प्यावर दुसरा घोळ निघतो. बहिणींनी तलाठ्यापुढे ‘आम्हाला हिस्सा नको’ असा जबाब दिलेला असतो आणि त्यावरून त्यांची नावं कमी झालेली असतात. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. तलाठ्याकडचा जबाब, शंभराच्या स्टॅम्पवरचं संमतीपत्र, नोटरीपुढची सही, यातल्या कशानेही बहिणीचा हिस्सा जात नाही. भावांनी त्या भरवशावर विहीर पाडली, पाइपलाइन टाकली, बंगला बांधला, तरी हक्क तसाच राहतो. ज्यांना खरोखरच हक्क सोडायचा आहे त्यांनी दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र करावं, आणि ज्यांना सोडायचा नाही त्यांनी ‘नुसती सही कर, नाव लावायचंय’ या आग्रहाला बळी पडू नये. दोन्ही बाजूंचं भलं यात आहे.

आता हिस्सा. वर घेतलेली जमीन आजोबांच्या काळापासूनची सहदायकीची, म्हणजे जन्मानेच हिस्सा मिळणारी कुटुंबाची सामाईक जमीन आहे, आजोबा हिंदू उत्तराधिकार कायदा येण्याआधी, म्हणजे १९५६ च्या आधी वारले आणि दोन्ही मुलींची लग्नं १९९४ च्या, अविवाहित मुलींना हक्क देणाऱ्या राज्य दुरुस्तीआधी झाली, असं धरू. जुन्या हिशेबाने वडील वारले त्या दिवशी कागदोपत्री वाटप झालं असं मानायचं: वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४. मग वडिलांचा १/४ पाच वारसांत वाटायचा. मुलीच्या वाट्याला १/२०, म्हणजे २४० आरपैकी १२ आर. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलगी जन्मानेच सहदायक आहे आणि २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. आई हयात असेल तर आता पाचही जणांना १/५, म्हणजे प्रत्येकी ४८ आर. बारा आर कुठे आणि अठ्ठेचाळीस कुठे! जुन्या वकिलाने २००३ साली काढून दिलेला हिश्शाचा तक्ता अजून कोणी फाइलमध्ये बाळगून असेल तर तो बाजूला ठेवावा.

दुरुस्तीनेच ठरवलेल्या तारखेच्या, म्हणजे २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं खरं वाटप मात्र सुरक्षित आहे. इथे प्रतिवादी भाऊ हमखास म्हणतात की ‘तोंडी वाटप १९९० लाच झालं होतं’. विनीता शर्मा निकालाने हे दार जवळजवळ लावून घेतलं आहे. तोंडी वाटप सहजी मानायचं नाही. सरकारी दप्तरातल्या कागदांचा आधार असेल आणि ते कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं ठोस शाबीत होत असेल तरच मानायचं. म्हणजे २००४ च्या आधीपासून स्वतंत्र सातबारे, स्वतंत्र खाती, सोसायटीचं वेगवेगळं कर्ज, असा पुरावा हवा. ‘सोयीसाठी वेगळं कसत होतो’ आणि ‘वाटप झालं होतं’ यातला फरक उलटतपासात उघडा पडतो.

‘वडिलोपार्जित’ हा शब्द अर्जात सरसकट लिहिला जातो, तिथेही सावध राहायला हवं. वडिलांना ती जमीन आजोबांकडून १९५६ नंतर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वारसाने आली असेल, तर ती वडिलांच्या हातात स्वतंत्र मिळकत असते. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून हे ठरलेलं आहे. अशा जमिनीत वडील हयात असताना मुलाला किंवा मुलीला वाटप मागता येत नाही, आणि वडील मृत्युपत्राने ती हवी त्याला देऊ शकतात. म्हणून दावा लिहिण्याआधी आजोबा कधी वारले, जमीन त्यांच्याकडे कशी आली, त्या वेळी घरात वाटप झालं होतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. १९५६ च्या आधीचे कागद कधीकधी मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यायचं आणि वेळ आली तर त्याला साक्षीला आणायची तयारी ठेवायची.

कागदांत आणखी काय लागतं? जमिनीचा सलग इतिहास: सर्व्हे नंबरचे जुने सातबारे, एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचा गट झाला तेव्हाचा उतारा, गटाचा नकाशा, आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचा मूळ तक्ता), ८-अ खाते उतारा. एकत्रीकरणात क्षेत्र कमी-जास्त झालेलं असतं आणि जागेवरचा बांध नकाशाशी जुळत नाही. हे दाव्याआधी कळलं तर दुरुस्ती होते, साक्षीच्या वेळी कळलं तर दाव्याची मिळकतच ओळखता येत नाही. सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरून जुने स्कॅन बघायला मिळतात, ते शोधासाठी उत्तम, कोर्टात द्यायला मात्र प्रमाणित नक्कल किंवा डिजिटल स्वाक्षरीची प्रत घ्यायची. बहिणींची नावं हाही एक भाग आहे. फेरफारात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करतानाच प्रत्येकीची दोन्ही नावं ‘उर्फ’ लिहून जोडायची, नाहीतर समन्स ‘या नावाची व्यक्ती राहत नाही’ म्हणून परत येतं आणि तारखांवर तारखा जातात.

दाव्यात काय मागायचं, हा सगळ्यात नाजूक भाग. हिस्सा न मिळालेल्या सहहिस्सेदाराचा दावा वाटपाचा आणि स्वतंत्र ताब्याचा. जमीन पूर्ण आपली आणि परका माणूस बसलाय, तर मालकी जाहीर करून ताबा परत मागायचा. आपला ताबा शाबूत आहे आणि कोणी नुसती हरकत करतोय, तर साधा मनाई हुकूम पुरतो. मात्र समोरच्याने मालकीवर खरोखर शंका उभी केली असेल तर नुसत्या मनाईचा दावा टिकत नाही. मालकी जाहीर करून मागावी लागते. २००८ च्या अनाथुला सुधाकर निकालात हे नीट मांडलेलं आहे. ताबा गेलेला असताना नुसती मनाई मागणारे दावे अजूनही दाखल होतात, कारण त्यात फी कमी आणि लिखाण सोपं. सात वर्षांनी निकाल लागतो, ‘वादीचा ताबा नाही, दावा रद्द’.

भावाने मधल्या काळात जमीन विकली असेल तर ज्याने खरेदीखतावर सही केलेली नाही त्याला ते रद्द करून मागायची गरज नाही. ते आपल्या हिश्शापुरतं बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं आणि खरेदीदाराला प्रतिवादी करायचं. परक्याने अविभक्त हिस्सा घेतला तरी त्याला थेट शेतात उतरायचा हक्क नसतो, त्यालाही वाटपच मागावं लागतं.

वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार आणि सगळ्या मिळकती हव्यात. गावातलं घर, गावठाणातली खळ्याची जागा, दुसऱ्या तालुक्यातली जिरायत, सगळं. निरनिराळ्या कोर्टांच्या हद्दीतल्या मिळकती एकाच दाव्यात एका कोर्टात आणता येतात. एखादी गावाबाहेरची बहीण राहून गेली किंवा वादीने आपल्या ताब्यातला तुकडा हळूच वगळला, तर ‘अर्धवट वाटपाचा दावा’ हा आक्षेप कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, पहिल्या पानावर येतो. आणि एक गोष्ट बहुतेक मसुद्यांत नसतेच: विहिरीतला हिस्सा, मोटारीचं वीज कनेक्शन, पाण्याची पाळी, आतल्या तुकड्याला जायचा रस्ता. हुकूमनामा याबाबत मुका राहिला तर जमीन मिळते आणि पाणी मिळत नाही, मग दुसरा दावा. चतुःसीमेसोबत विहीर कुठल्या कोपऱ्यात आहे, गाडीवाट कुठून जाते, हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं.

मुदतीबद्दल लोकांच्या मनात ‘बारा वर्षं कसलं की आपलं’ हे पक्कं बसलंय. मालकीच्या आधारे ताबा मागायला बारा वर्षं आहेत हे खरं, पण ती मोजायची ताबा मालकाला प्रतिकूल झाला त्या दिवसापासून. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा असतो. भाऊ चाळीस वर्षं एकटा कसत असला तरी तेवढ्याने बहिणीचा हक्क बुडत नाही. ‘तुझा काही संबंध नाही’ असं उघडपणे सांगून तिला वगळलं आणि ते तिला कळलं, तिथून बारा वर्षं धावू लागतात. म्हणून हिस्सा नाकारणारी नोटीस आली, किंवा फेरफारातून नाव गेल्याचं कळलं, की ती तारीख वहीत लिहून ठेवायची. महसूल अपिलं चालू आहेत म्हणून ही मुदत थांबेल असं कोणी धरून चालू नये. प्रांतांकडे जिंकूनही दिवाणी कोर्टात मुदतीवर हरलेले लोक असतात.

जबरदस्तीने ताबा काढून घेतला असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करता येतो. त्यात मालकीचा प्रश्नच येत नाही. ताबा होता आणि कायद्याविना गेला, एवढंच दाखवायचं. हा मार्ग सर्वात जलद आहे आणि सर्वात कमी वापरला जातो, कारण ते सहा महिने पोलीस ठाण्यात ‘दिवाणी स्वरूपाचा वाद आहे’ हे उत्तर ऐकण्यात जातात. ताब्याचा पुरावा म्हणजे पीकपाहणीच्या नोंदी, कारखान्याकडची ऊस नोंद, पाणीपट्टीच्या पावत्या, पंपाचं बिल, सोसायटीचं पीककर्ज, आणि शेजारच्या बांधावरचा माणूस. तो शेजारी सगळ्यांत महत्त्वाचा. ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे त्याची साक्ष चावडीवरच्या चार प्रतिष्ठितांपेक्षा जास्त वजनाची.

दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज जातो, तो निशाणी ५. इथे मागणी बेताने करावी. सहहिस्सेदाराला जमीन कसू नको असा हुकूम कोर्ट सहसा देत नाही. जमीन विकू नको, गहाण टाकू नको, तिऱ्हाइताचा हक्क निर्माण करू नको, हा हुकूम मिळण्याजोगा असतो. ‘शेतात पाय ठेवू देऊ नये’ असा हट्ट धरला की पूर्ण अर्ज फेटाळला जायचा धोका. शिवाय दावा प्रलंबित असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. महाराष्ट्राच्या दुरुस्तीमुळे या नोंदणीला महत्त्व आहे. नोंद नसेल तर दाव्यादरम्यान जमीन घेणारा ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून उभा राहतो.

दावा रेंगाळतो तो ठरलेल्या जागी. पक्षकार वारला की ९० दिवसांत वारस लावायला हवेत. राहिलं तर त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो. आठ-दहा पक्षकारांच्या दाव्यात हे घडणारच, तेव्हा प्रत्येक घरातल्या एकाचा फोन नंबर वकिलाकडे असू द्यावा. दुसरी जागा कुळाची. प्रतिवादीने ‘मी कूळ आहे’ म्हटलं की तो मुद्दा कूळ कायद्याच्या कलम ८५-अ प्रमाणे तहसीलदारांकडे पाठवावा लागतो आणि तिथला निर्णय येईपर्यंत दावा थांबतो. उलट प्रकारही असतो: कुटुंब कूळ म्हणून कसत होतं, पण कूळ कायद्याचं ३२-म चं, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचं प्रमाणपत्र थोरल्याच्या एकट्याच्या नावावर निघालं. तिथे १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, जमीन कोण कसत होतं आणि खरेदीची रक्कम कुठून भरली, याचे कागद शोधावे लागतात. तिसरी जागा मोजणीची. बांध सरकल्याचा वाद तोंडी साक्षीने सुटत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस, आणि मोजणाऱ्या भूकरमापकाची साक्ष, हे तिन्ही लागतं. लगतधारकांना नोटीस नव्हती या एका कारणावर चांगले नकाशे बाद झालेले आहेत.

मग हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. लोक पेढे वाटतात आणि फाइल बांधून ठेवतात. खरं काम तिथून सुरू होतं. शेतसारा लागणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. घराचं आणि बिगरशेतीचं कोर्ट कमिशनरमार्फत. हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे, तिथून भूमी अभिलेखकडे कोर्ट वाटप मोजणीसाठी जातो. प्रत्येक टप्प्यावर कागद स्वतः पाठपुरावा करून पुढे ढकलावा लागतो. मोजणी फी कोण भरणार यावरच काही प्रकरणं वर्षभर पडून राहतात. वादीने भरून पुढे जावं हे शहाणपणाचं.

वाटप सरस-निरस मानाने व्हायला हवं. प्रत्येकाला काळी आणि मुरमाड, विहिरीजवळची आणि टेकाडाची जमीन तोलून मिळायला हवी, नुसते आर मोजून नाही. वाटप तक्ता आला की आठ दिवस घेऊन तो जागेवर जाऊन बघावा आणि हरकत असेल तर लेखी द्यावी. नंतर ‘मला पोटखराबा, म्हणजे नापीक भाग आला’ म्हणून उपयोग नसतो. तुकडेबंदीचं भान इथेच ठेवायचं. २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे याहून लहान तुकडा पाडता येत नाही असं किमान क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे (गुंठा म्हणजे जवळपास एक आर). आधीच्या उदाहरणातले ४८ आर त्यात सहज बसतात. पण पुढच्या पिढीत त्याच ४८ आरचे चार हिस्से मागितले तर जिरायतीचा तुकडा पडू शकत नाही, आणि त्याऐवजी पैशाच्या रूपाने मोबदला घ्यायची वेळ येते.

सगळे एकमताचे असतील तर हा सगळा खटाटोप टाळता येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. मात्र मालकीचा वाद कोणी काढला की तहसीलदारांना थांबावं लागतं. नोंदणीकृत वाटणीपत्र हा त्याहून पक्का मार्ग, आणि २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी राज्याने माफ केली आहे. दोन शेतकऱ्यांची जमीन एकमेकांच्या कब्जात बारा वर्षांहून जास्त काळ आहे, अशांसाठी २०२३ पासून सलोखा योजना आहे; त्यात अदलाबदलीला मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. दावा चालू असतानाही लोकअदालतीत तडजोड होते. तडजोड पुरसीसमध्ये, म्हणजे कोर्टात दिलेल्या लेखी तडजोडीत, हिश्शासोबत नकाशा जोडायला विसरू नये, नाहीतर तडजोडीच्या अर्थावरून पुन्हा भांडण.

ताबा देताना पंचनामा आणि ताबे पावती होते. त्यावर तारीख, गट, क्षेत्र, दिशा आणि हजर असलेल्यांच्या सह्या बघून घ्यायच्या, हद्दीच्या खुणा त्याच दिवशी गाडून घ्यायच्या. मग हुकूमनाम्याची आणि ताबे पावतीची प्रत जोडून फेरफारासाठी अर्ज. नोटिशीनंतर १५ दिवसांत हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये जातं. हुकूमनामा हातात असेल तर घाबरायचं कारण नसतं. पोटहिश्शाचा नकाशा आणि आकारफोड, म्हणजे क्षेत्र आणि साऱ्याची हिश्शानुसार विभागणी, होऊन स्वतंत्र हिस्सा नंबर पडला, सातबारा वेगळा झाला, की सोसायटीचं कर्ज आणि ऊस नोंद ज्याच्या त्याच्या नावाने करून घ्यायची, आणि जुन्या सामाईक खात्यावर बोजा राहिला असेल तर तो कोणत्या हिश्शावर चढलाय ते नव्या उताऱ्याच्या इतर हक्कात तपासायचं.